काम, कला आणि तोवरची भाकरी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हाताला लाटण्याची सवय, लेखणीची नाही. परंतु चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळाच्या सभेत एक प्रश्न निघाला आणि तो काही केल्या मनातून जाईना. त्याचे उत्तर शोधता शोधता मी वाचनालयातून जुनी चरित्रे आणली, वडीलधाऱ्यांना विचारले, आणि आपल्याच जिल्ह्यांचा इतिहास माझ्यापुढे नव्याने उभा राहिला. तो आपणांपुढे ठेवते. चूकभूल सांभाळून घ्यावी.

प्रश्न असा होता. आपल्या मंडळाने शिवणवर्ग चालविला. बायका हौसेने आल्या, परीक्षा झाली, प्रमाणपत्रे मिळाली, फोटोही निघाले. आज त्यांतल्या बोटांवर मोजण्याइतक्या बायका शिवणाचे चार पैसे मिळवितात. बाकीच्यांच्या प्रमाणपत्राला चौकट झाली आणि यंत्रावर जुन्या लुगड्याचे पांघरूण पडले. तेव्हा मागच्या रांगेतून एक सून धीटपणे उठून म्हणाली, “ताई, शिकवलंत, त्याचे उपकार आहेत. पण शिकून करायचं काय?” सभेत कोणी काही बोलले नाही. मीही नाही. कार्यकारिणीत मीही आहे, म्हणून त्या गप्प बसण्याची मला अधिक लाज वाटली.

तो प्रश्न मी माझ्या माहेरीही ऐकला होता. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. सातारा-सांगलीकडचा, विशेषतः माण, खटाव, आटपाडी, खानापूर या कोरड्या पट्ट्यातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या वाटेने गेला. गावच्या खोलीत वळकटी टाकायची, खाणावळीत जेवायचे, आणि गावचाच कोणी जुना कामगार मुकादमाला सांगून हाताखाली लावून घेई. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला तो पुन्हा नीट मिटलाच नाही. वडील घरी परतले. मागावर त्यांचा हात असा बसलेला होता की धागा तुटला तर नुसत्या आवाजावरून त्यांना कळे. पण आमच्या गावात माग कुठला? ते दुसऱ्याच्या उसात भांगलणीला जाऊ लागले. कला होती, तिला काम नव्हते. आपल्या शिवणवर्गाच्या बायका पाहिल्या की मला वडिलांचे ते रिकामे हात आठवतात.

तेव्हा आपल्या भागात अशी कोणती कामे उभी राहिली, की ज्यांत माणूस शिकलाही आणि शिकल्यावर रिकामा बसला नाही, हे पाहावे असे मी ठरविले.

पहिली गोष्ट किर्लोस्करवाडीची. १९४९ पर्यंत सातारा हा एकच मोठा जिल्हा होता आणि त्याच्या अंगावर ठिगळे लावावीत तशी औंध, सांगली, मिरज, फलटण अशी संस्थाने होती. औंध संस्थानातले कुंडल गाव, त्याच्या रेल्वे स्टेशनाजवळचा माळ. निवडुंग आणि साप यांचेच तेथे राज्य. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगावास सायकलींचा धंदा करून पुढे लोखंडी नांगर करू लागलेले गृहस्थ. नांगर १९०३ च्या सुमारास तयार झाला, पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी त्याला हात लावीनात. त्यात बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळची ही ३२ एकर जागा दिली, कर्जही दिले. १९१० साली थोडे कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव या माळावर उतरले.

आता येथे भागीदारी कशी झाली ती पाहा. राजाने जागा दिली. लक्ष्मणरावांनी धंदा आणि विद्या आणली. परंतु निवडुंगाच्या माळावर पहिल्या दिवशी कामगारांना जेवू कोणी घातले? तेथे दुकान नव्हते, बाजार नव्हता. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि त्यांच्याबरोबर आलेल्या बायकांनीच चुली मांडल्या असणार, हे सांगायला पुस्तक नको. आसपासच्या खेड्यांतली पोरे, ज्यांनी विळा-कुऱ्हाडीपलीकडे लोखंड पाहिले नव्हते, ती या कारखान्यात ओतकाम, सुतारकाम, जोडकाम शिकली. चोरी-दरोड्याच्या आरोपाने ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते, अशांना लक्ष्मणरावांनी राखणदार नेमले आणि त्यांनी इमानाने राखण केली. शिक्षणासाठी वेगळी शाळा नव्हती. काम हीच शाळा, आणि पहिल्या दिवसापासून मजुरी. याच वाडीतून पुढे १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले. माझ्या आजीच्या ट्रंकेत त्याचे दोन जुने अंक होते. आजी ते अक्षर लावून लावून वाचीत असे.

दुसरी गोष्ट कर्मवीर भाऊराव पाटलांची. ती आपणां सर्वांस ठाऊक आहे, पण तिच्यातील एक धागा मला नव्याने दिसला. अण्णांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. त्यांनी आरंभी नोकरी केली ती फिरत्या विक्रेत्याची. कऱ्हाडजवळच्या ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकीत ते खेडोपाडी हिंडले. साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. म्हणजे शिक्षणाच्या कामाला लागण्यापूर्वी या माणसाने कारखाना पाहिला होता, बाजार पाहिला होता आणि नांगर घ्यायला पैसा नसलेला शेतकरीही पाहिला होता. म्हणूनच त्यांचे शिक्षण कधी हातांना विसरले नाही.

वारणाकाठच्या दूधगावला त्यांनी मित्रांबरोबर विद्यार्थी आश्रमाचे काम केले तेव्हा तेथे मुष्टिफंड चाले. घरातल्या बाईने रोज दळणाच्या वेळी एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे आणि ते गोळा होऊन आश्रमाच्या पोरांची भाकर व्हायची. सरकारचा पैसा नाही, सावकाराचा नाही. ज्या बाईला स्वतःला अक्षर येत नव्हते तिच्या मुठीवर दुसऱ्याचे पोर शिकले. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसत. १९२७ साली महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले.

हे बोर्डिंग चालले कोणाच्या जिवावर? लक्ष्मीबाईंच्या. त्या सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या जैन घरच्या लेक. त्यांनीच पुढे सगळ्या जातींच्या पोरांना आईच्या हाताने वाढले. बोर्डिंगात दाणा उरला नाही तेव्हा एकेक दागिना गेला आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. भगिनींनो, आपल्यापैकी कोणीही घरातला एक डाग मोडायची वेळ आली तर रात्रभर जागेल. मंगळसूत्र काढून देताना त्या माउलीला काय वाटले असेल, हे आपल्याइतके कोणाला कळेल?

अण्णांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घातला. मुलांनी माळाची जमीन फोडायची, पिकवायची, खडी फोडायची, आणि त्या श्रमावर शिकायचे. फुकट देतो म्हटले नाही आणि पैसे आण असेही म्हटले नाही. १९३५ साली साताऱ्यास शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. शिक्षकांच्या विद्यालयाकडे जरा बारकाईने पाहा. रयत खेड्यांत शाळा काढीत होती. त्या शाळांना शिक्षक हवे होते. म्हणून त्यांनी शिक्षक शिकविले. प्रशिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या पोराला नोकरीसाठी वणवण नको, गावची शाळा त्याची वाट पाहत असे. १९४२ साली स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयही याच विचाराने निघाले. अण्णा ९ मे १९५९ रोजी गेले.

येथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. माझा थोरला भाऊ पलीकडच्या गावच्या हायस्कुलात जाऊन शिकला आणि आज तो बरी नोकरी करतो. मला सातवीनंतर घरी बसविले. वाटेत ओढा होता, आणि पोरीच्या जातीने ओढा ओलांडून जायचे नाही असे ठरले. दोष शाळेचा नव्हता, ओढ्याचाही नव्हता. शाळा बांधणारे होते, पोरीला शाळेपर्यंत पोहोचविणारे कोणी नव्हते. भागीदारीतला एक हात कमी पडला की सारे असून नसल्यासारखे होते, हे मी त्या ओढ्यापाशी शिकले.

तिसरी गोष्ट आटपाडीची. हे गावही तेव्हा औंध संस्थानातच होते. १९३९ साली तेथे स्वतंत्रपूर नावाची वसाहत वसली. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न कोंडता मोकळ्या जमिनीवर, बायकामुलांसह ठेवायचे आणि त्यांच्याकडून शेती करवून घ्यायची, असा तो प्रयोग. औंधच्या राजांनी त्याला आश्रय दिला आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन हे इंजिनिअर त्यामागे होते. पुढे १९५७ साली शांतारामबापूंनी ‘दो आँखे बारह हाथ’ हा बोलपट काढला तो याच प्रयोगावरून, आणि त्याची कथा लिहिली होती याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी. ज्याला जग काम द्यायला तयार नसते, त्याला आधी विश्वास द्यावा लागतो. कुटुंब बरोबर असेल तर तो टिकतो. हे त्या माळाने दाखविले. किर्लोस्करवाडीच्या राखणदारांनी जे दाखविले तेच हे.

चौथी गोष्ट कोणा संस्थेची नाही. खानापूर, विटा, आटपाडी या भागातली हजारो माणसे गलाईच्या धंद्यात आहेत. सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा हा धंदा. तामिळनाडू, केरळ, पंजाब, बंगाल, हिंदुस्थानात सराफकट्टा नाही असे मोठे शहर नाही, आणि सराफकट्ट्यात आपल्याकडचा गलाईवाला नाही असे सहसा होत नाही. हे शिकण्याची शाळा नाही. गावातला पोरगा मामाच्या, चुलत्याच्या किंवा शेजाऱ्याच्या दुकानी जातो. आधी झाडलोट, मग भट्टी, मग तेजाबाचे काम, मग वजनकाटा. जेवण-राहणे मालकाच्या घरी. हात बसला की कित्येक जण पुढच्या शहरात स्वतःची भट्टी घालतात. दुष्काळाने ज्यांना गाव सोडायला लावले त्यांनी परमुलखात गावकी बांधली आणि त्या पैशाने गावी घरे उभी केली. धूर आणि तेजाब छातीला बरे नव्हेत, हेही खरे.

पण या व्यवस्थेला एक मोठे भोक आहे. ज्याला मामा नाही त्याचे काय? आणि ज्याला मामा आहे पण जी मुलगी आहे, तिचे काय? भट्टीवर भाच्याला नेतात, भाचीला नेत नाहीत. नात्यागोत्यावर चालणारी मदत नात्यापाशी थांबते. जिचे कोणी नाही तिच्यासाठी मंडळ लागते, आणि मंडळ म्हणजे तरी काय, मानलेले नातेच ना?

पाचवी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखतची, म्हसवडची. माण तालुक्यातले हे दुष्काळी गाव. तेथे मुंबईहून सून म्हणून आलेल्या चेतना गाला सिन्हा यांनी पाहिले की मजुरी करणाऱ्या बायकांना रोजचे पाच-दहा रुपये ठेवायला बँक तयार नाही. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायच्या कागदासाठी पैसे साठवायचे होते, तिलाही बँकांनी परत पाठविले. तेव्हा बायकांचीच बँक काढण्याचे ठरले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका रडत बसल्या नाहीत. काही महिने रात्री शिकल्या, सही करू लागल्या आणि पुन्हा मुंबईस जाऊन साहेबांसमोर बसल्या. व्याजाचे गणित आम्हाला तोंडी घाला, आम्ही यंत्रावाचून करून दाखवितो, असे त्या म्हणाल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पण माझ्या विषयाला महत्त्वाचे आहे ते त्यापुढचे. कर्ज दिले तरी बाईला हिशेब येत नसेल, मालाची किंमत लावता येत नसेल, तर पैसा बुडतो. म्हणून २००६ च्या सुमारास त्यांनी बायकांसाठी उद्योगाची शाळा काढली, आणि जी बाई शाळेपर्यंत येऊ शकत नाही तिच्याकडे बसगाडीत घालून शाळाच नेली. २००८ साली गावचे स्वतःचे रेडिओ केंद्रही निघाले. गाडी दारात आली तर ओढा आडवा येत नाही. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून क्षणभर तशीच बसले.

या साऱ्या गोष्टी मी एका शेजारी एक मांडल्या, तेव्हा स्वयंपाकघरातल्या हिशेबासारखा एक हिशेब मला दिसला. कोणालाही पायावर उभे करायचे तर तीन वस्तू लागतात. एक काम, म्हणजे मालाला गिऱ्हाईक. दुसरी कला, म्हणजे शिकविणारा. तिसरी, काम हाती येऊन पैसा मिळेतोवरची भाकरी. किर्लोस्करवाडीत जागा राजाची, धंदा लक्ष्मणरावांचा, चूल बायकांची. रयतेत शाळा अण्णांची, श्रम मुलांचे, भाकरी मुठीची आणि लक्ष्मीबाईंच्या डागांची. म्हसवडला पैसा बँकेचा, विद्या शाळेची, कष्ट बायकांचे. एकाच माणसापाशी ही तीनही कधी नव्हती. ती जेथे एकत्र आली तेथे काम उभे राहिले. जेथे एक निसटली तेथे माझ्या वडिलांसारखे रिकामे हात राहिले.

सरकारनेही हे ओळखले आहे. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांनी शिकाऊ उमेदवार घ्यावेत असे ठरले आणि तालुक्या-तालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षणाच्या संस्था निघाल्या. मुलामुलींनी त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. पण तिशी-चाळिशीतली बाई, जिच्या मागे गुरे आहेत, आजारी सासू आहे, ती तालुक्याला दोन वर्षे कशी जाणार? तिच्यासाठी गावातच काही व्हावयास हवे.

आता आपल्या शिवणवर्गाकडे वळते. आपण कला दिली. गिऱ्हाईक शोधले नाही आणि तोवरच्या भाकरीचा विचार केला नाही. बाईने चार दिवस शिवायला बसायचे म्हणजे चार दिवसांची भांगलणीची मजुरी बुडवायची. ती कोण भरून देणार? तिने यंत्रावर पांघरूण घातले ते आळसाने नव्हे, हिशेबाने घातले. चूक तिची नव्हती, आपली होती. कार्यकारिणीतली एक म्हणून मी ती येथे मान्य करते.

म्हणून पुढच्या वर्षासाठी मी मंडळापुढे एक सूचना ठेवते. नवा वर्ग काढण्यापूर्वी आपण तीन दारे ठोठवावीत. पहिले दार शाळांच्या पालकसमित्यांचे आणि दवाखान्यांचे. गणवेश, चादरी, पडदे त्यांना लागतातच. जेवढे काम लेखी मिळेल तेवढ्याच बायका आधी घ्याव्या. दुसरे दार बाजारपेठेतल्या जुन्या शिंप्यांचे. आपल्या बायकांचे शिवण बरे असते, पण काज, कॉलर आणि एकसारखे माप यांत त्या मार खातात. दोन महिने तेवढेच शिकवा म्हणावे, आणि त्याबद्दल त्यांना मोबदला द्यावा. तिसरे दार आपले स्वतःचे. शाळेची बिले उशिरा निघतात हे सर्वांस ठाऊक आहे. तोवर शिवणाऱ्या बाईची मजुरी अडू नये म्हणून दर सभासद भगिनीने महिन्याला थोडी रक्कम वेगळी टाकावी. बिल आले की ती परत फंडात जाईल. त्याला आपण मुष्टिफंडच म्हणू. नाव जुने आहे, पण काम तेच आहे.

ही सूचना सर्वांना पटेल असे नाही. खर्चाचे काय, हिशेब कोण ठेवणार, एखादीने पैसे नेले आणि काम दिलेच नाही तर काय, असे प्रश्न निघतील. ते निघावेतच. हिशेबाची वही मी ठेवीन. सातवीचे गणित तेवढ्याला पुरते. म्हसवडच्या बायकांना तर सहीसुद्धा नव्याने शिकावी लागली होती.

हा लेख लिहून झाल्यावर त्या मागच्या रांगेतल्या सुनेला मी तो घरी बोलावून वाचून दाखविला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, “ताई, शिंपीकाकांकडे उद्याच जायचं का?” आम्ही जाऊन आलो. त्यांनी अजून होय म्हटलेले नाही, पण नाहीही म्हटले नाही. चहा दिला, आणि आमच्या हातचे एक काज उलटून पालटून बराच वेळ पाहत राहिले.